मदत हवी आहे: ५८८२३५२९४११७६४७ च्या वर्गातून नेमकी ८ पट का मिळते?

नमस्कार. देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांविषयी वाचताना मी १४२८५७ या संख्येपाशी अडकलो. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ आहे आणि त्याचे उजवीकडचे सहा अंक वेगळे काढून २०४०८ व १२२४४९ यांची बेरीज केली, तर पुन्हा १४२८५७ हीच संख्या हाती येते. १/७ च्या दशांश रूपात हेच सहा अंक आवर्तित होत असल्यामुळे, १/१७ च्या सोळा आवर्ती अंकांतही, म्हणजे ०५८८२३५२९४११७६४७ मध्येही, हा गुण असेल असे मी गृहीत धरले.

वर्ग हातानेच केला (दोनदा चुकला, हे कबूल करतो). तो ३४६०२०७६१२४५६७४६७१२८०२७६८१६६०९ असा आला. उजवीकडचे सोळा अंक तोडून ३४६०२०७६१२४५६७ आणि ४६७१२८०२७६८१६६०९ यांची बेरीज केली, तर ४७०५८८२३५२९४११७६ मिळाली. ही आपली संख्या नाही, पण तिची बरोबर ८ पट आहे आणि अंकही तेच, फक्त चक्राकार सरकलेले. ७ च्या बाबतीत १ पट आणि १७ च्या बाबतीत ८ पट, हे कशावरून ठरते? एवढा मोठा वर्ग न करता ते आधीच सांगता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर:

आपले गणित बरोबर आहे. आपल्या संख्येला क म्हणू. क ला १७ ने गुणले की सोळा नऊ येतात. एखादी संख्या सोळा अंकांवर तोडून तुकड्यांची बेरीज केली, तरी सोळा नवांच्या संख्येने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही. ९ च्या कसोटीसाठी आपण अंकांची बेरीज करतो, त्याचेच हे थोरले रूप आहे. आता क ला १७ ने भागल्यास भागाकार ३४६०२०७६१२४५६७ आणि बाकी ८ येते, म्हणून क च्या वर्गाला १७क ने भागले की बाकी ८क उरते. हा भागाकार म्हणजेच आपण तोडलेला डावा तुकडा, हे ताडून पाहा. १४२८५७ ला ७ ने भागल्यास भागाकार २०४०८ आणि बाकी १ येते, म्हणून तिथे तीच संख्या परत मिळते.

वर्ग टाळायचा असेल, तर १० च्या १६ व्या घाताला १७ च्या वर्गाने, म्हणजे २८९ ने, भागावे. बाकी १३७ येते. त्यातून १ वजा करून १७ ने भागले की ८ मिळतात. १९ साठी १८ वा घात आणि ३६१ घेतल्यास १५ पट येते, तर २३ साठी २२ वा घात आणि ५२९ घेतल्यास पुन्हा ८ पट.