अंध वापरकर्त्याने लिनक्स एकट्यानेच बसवावं का?

कळफलक:
पहिल्यांदा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम बसवणाऱ्या अंध माणसाला ‘शेजारी कुणी डोळस असू दे’ असं सांगणं आता बंद करायला हवं. डेबियन या लिनक्सचा इन्स्टॉलर (ते बसवणारा प्रोग्रॅम) पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलतो. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू झालं की मेनूपाशी बीप होतो: जुन्या बायोसवर (मशीन सुरू करणारी मूळ प्रणाली) एक, तिच्या नव्या रूपावर, यूईएफआयवर, दोन. तिथे एस दाबून एंटर. साउंड कार्डं अनेक असतील तर प्रत्येकावर आळीपाळीने विचारणा होते. ज्यावर ऐकू येईल तिथे एंटर. पुढे सगळं आकड्यांवर चालतं. पर्याय वाचले जातात, आपण क्रमांक टाइप करायचा. मागे जायला ‘पेक्षा लहान’चं चिन्ह. ओळ निसटली तर नंबरपॅडवर ८ दाबा, चालू ओळ पुन्हा ऐकू येते. ७ आधीची, ९ पुढची. आवाज ईस्पीक या वाचकयंत्राचा, म्हणजे विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर वापरणाऱ्यांच्या बहुधा ओळखीचा.

उंबरठा:
इन्स्टॉलर बोलतो, यावर वाद नाहीच. पण त्याच्यापर्यंत पोचायचं कसं? मशीन सुरू होताना पेनड्राइव्ह निवडायचा बूट मेनू मुका असतो आणि त्याची कळ मशीनगणिक बदलते. बीपचंही तसंच: आतला स्पीकर नसलेल्या लॅपटॉपवर तो होतच नाही. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपना आवाजासाठी वेगळं फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) लागतं, ते नसेल तर नुसती शांतता. वर सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर रोखणारी सोय) चालू ठेवून बाहेरचा ड्रायव्हर घातला, की पुढच्या बूटला किल्ली नोंदवायचा निळा पडदा येतो. तो काही सेकंदच थांबतो, एक शब्द बोलत नाही, आणि वेळ गेली की ड्रायव्हर चालत नाही. नवख्याला यातलं काहीच न सांगता ‘एकट्याने कर’ म्हणणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

कळफलक:
सांगायलाच हवं, आणि उपायांसकट. बूट मेनू टाळता येतो. पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करा, विंडोजमध्ये अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘बीसीडीएडिट’ या कमांडने मशीनच्या फर्मवेअरमधल्या बूटच्या नोंदींची यादी काढा. त्यात पेनड्राइव्हची नोंद असेल तर तिचा महिरपी कंसातला क्रमांक फक्त पुढच्या बूटसाठी लावता येतो. पॉवरशेल या विंडोजच्याच दुसऱ्या कमांड-खिडकीत हा कंस अवतरणात टाकावा लागतो, नाहीतर कमांड फसते. म्हणून साधा कमांड प्रॉम्प्टच बरा. आवाजासाठी यूएसबी साउंड कार्ड किंवा यूएसबी हेडसेट जवळ ठेवा, त्याला सहसा वेगळं फर्मवेअर लागत नाही. शिवाय २०२३ च्या डेबियन १२ पासून अधिकृत इमेजमध्येच (पेनड्राइव्हवर घालायच्या फाइलमध्ये) फर्मवेअर येतं, तेव्हा जुनी इमेज घेऊच नका. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही, डेबियनच्या बूटलोडरवर (सिस्टम सुरू करणारा प्रोग्रॅम) लागणारी सही असते. उलट ते बंद केलंत तर विंडोज बिटलॉकरची, म्हणजे त्याच्या डिस्क-कुलपाची, ४८ अंकी किल्ली मागू शकतं.

दुसरा कान:
तुम्ही दोघं बूटवरच अडलात. माझ्या मते खरा धोका पार्टिशनचा, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याचा. तिथे ज्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल चाललंय तोही यादीत दिसू शकतो, आणि ‘पूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय सगळं पुसतो. डिस्कचं नाव ऐकून भागत नाही, आकार ऐका: ५०० जीबी की ३२? शेवटी बदल लिहायचे का हा प्रश्न येतो, तेव्हा मूळ उत्तर ‘नाही’ असतं. म्हणजे गोंधळ वाटला तर नुसतं एंटर दाबून मागे येता येतं. आधी हे सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकात) दोनदा करून पाहावं. तिथे चूक झाली तर फाइल पुसायची, संपलं.

उंबरठा:
व्हर्च्युअल मशीनचा सराव उत्तम, मीही तोच सुचवेन. पण त्यात फर्मवेअरचा मुकेपणा कळत नाही. निळा पडदा एकदाच येतो, फोनवरच्या मजकूर वाचणाऱ्या अ‍ॅपने तो निभावता येईल. डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक कुलपाने बंद) केली असेल तर मात्र सांकेतिक वाक्यांश रोज मागितला जातो, तोही लिनक्सचा स्क्रीनरीडर ऑर्का सुरू व्हायच्या कितीतरी आधी. कधी टाइप करायला लागायचं तेच कळत नाही, आणि तीन प्रयत्न चुकले की बूट अडतो.

कळफलक:
फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये डिस्क उघडायची किल्ली मशीनमधल्या टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये ठेवता येते, मग काही टाइप करावं लागत नाही.

उंबरठा:
मग अख्खा लॅपटॉप चोरीला गेला तर डिस्क आपसूक उघडते, आणि चोर थेट लॉगिनपाशी पोचतो. डोळस माणसाला ही तडजोड करावी लागत नाही. पासवर्डच्या त्या पडद्यावर आवाज येईपर्यंत ‘एकट्याने बसवता येतं’ या वाक्यापुढे ‘एन्क्रिप्शन सोडून’ एवढं जोडा, मग माझी हरकत नाही.