मदत हवी आहे : संप्रदायाच्या मेळाव्यासाठी संपूर्ण वॉटर पार्क भाड्याने घेण्याविषयी

सप्रेम नमस्कार. चिपळूण परिसरातील आमच्या वारकरी भजनी मंडळाच्या सुमारे ३०० कुटुंबीयांसाठी फेब्रुवारीत एक दिवस वॉटर पार्क केवळ आमच्यापुरते घ्यावे, असा विचार आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज या मनोरंजन उद्यानात मुस्लिम संघटनांनी असा कुटुंब दिन भरवलेला आहे, म्हणजे कल्पना अगदीच जगावेगळी नाही. आमच्या ज्येष्ठ मंडळींना मात्र ती अजून पचलेली नाही.

खरी अडचण पोशाखाची आहे. घसरगुंड्यांवर सैल सुती कपडा अडकून अपघात होऊ शकतो, म्हणून उद्यानवाले नायलॉनच्या पोशाखाचा आग्रह धरतात आणि तो रास्तही आहे, परंतु आमच्यातील बहुतेक स्त्रिया साडीखेरीज काही नेसत नाहीत. संपूर्ण उद्यान आपल्याकडे असताना काही तलाव केवळ स्त्रियांसाठी राखून, तेथे स्त्री जीवरक्षक नेमून घेण्याची अट करारात घालता येते काय? शिवाय बाहेरचे अन्न चालत नाही, असे एका ठिकाणी सांगण्यात आले. कांदा-लसणाविना स्वयंपाक आमच्याच आचाऱ्यांकडून करवून घेण्याची मुभा कोणी मिळवली आहे काय? हरिपाठ सायंकाळीच आटोपेल, त्यामुळे रात्री १० नंतरच्या ध्वनिक्षेपक बंदीचा प्रश्न येत नाही.

रायगड किंवा रत्नागिरी जिल्ह्यात असा करार केलेल्यांनी अनामत रक्कम आणि दिवस रद्द झाल्यास परतावा यांविषयीचा अनुभव कृपया कळवावा.