शेफील्डचा किल्ला : जमिनीवर काहीच नसताना खणतात कुठे आणि शोधतात काय?

रानवारा
नमस्कार मंडळी. मुलीकडे इंग्लंडला, शेफील्डला जाऊन आलो. तिथे गावात कॅसलगेट म्हणून भाग आहे. नाव ऐकून कॅमेरा घेऊन निघालो, तर किल्ला नाहीच! कुंपण, चिखल आणि उखडलेलं काँक्रीट. मुलगी म्हणाली, इथे मध्ययुगीन किल्ला होता, स्कॉटलंडची राणी मेरी त्यात कैदेत होती, आणि पुरातत्त्ववाले तोच शोधतायत. आता मला सांगा, किल्ला साडेतीनशे वर्षांपूर्वी पाडला, दगड लोकांनी नेले, वर बाजार बांधला, तोही पाडला. मग खणून हाती लागणार काय? जाणकारांनी उजेड पाडावा.

टिवल्याबावल्या
मेरीबाईंचे दागिने. दुसरं काय! (पळतो)

खापरखुणा
दागिने सापडले असते तर आमच्या पगारात फरक पडला असता. मी इंग्लंडमध्येच खोदकामांवर काम करते. निम्मा दिवस ट्रेंचमध्ये, म्हणजे खोदकामाच्या चरात, गुडघ्यांवर, निम्मा तंबूत खापरं धुण्यात. शेफील्डच्या चमूत मी नव्हते, पण ते काम धंद्याच्या ओढीने वाचत आलेय.

किल्ला शीफ आणि डॉन या नद्यांच्या संगमावर होता. बाराव्या शतकात आधी मातीचा उंचवटा आणि लाकडी कोट. तो १२६६ च्या बंडाळीत जळाला. १२७० मध्ये थॉमस द फर्निव्हलने राजाकडून तटबंदीचा परवाना मिळवला आणि दगडी किल्ला उभा केला. मेरीला १५७० च्या नोव्हेंबरात इथे आणलं. पुढची चौदा वर्षं ती श्रूझबरीच्या अर्लच्या (म्हणजे तिथल्या सरदाराच्या) ताब्यात होती, त्यातला बराच काळ इथे आणि त्याच्याच जवळच्या वाड्यात, मॅनर लॉजमध्ये. पुढे राजा विरुद्ध पार्लमेंट असं यादवी युद्ध झालं, त्यात किल्ला राजाच्या बाजूने होता. ऑगस्ट १६४४ मध्ये वेढ्यात तो पार्लमेंटवाल्यांच्या हाती पडला, तोही त्यांनी जड तोफा मागवल्यावर. १६४६ मध्ये पार्लमेंटने तो पाडायचा ठराव केला.

आता मुद्द्याचं. 'पाडला' म्हणजे वरचा भाग गेला. घडीव दगडाला गिऱ्हाईक असतंच, म्हणून पुष्कळदा पायाचे दगडही उकरून नेतात. पण पाया उकरला की तिथे चर राहतो, आणि त्यात नको असलेला माल पडतो: चुन्याचे गोळे, दगडाच्या कपच्या, फुटकी कौलं. शेजारची माती तपकिरी आणि मधेच हा चुनखडी पट्टा. म्हणजे भिंत गेली, पण तिची जाडी आणि दिशा जमिनीत राहिली. लाकडी खांबाचंही तेच. खांब कुजून गेला तरी काळपट गोल डाग उरतो. तसे डाग ओळीत आले की लाकडी कोट कुठून कुठे गेला होता ते सांगता येतं.

आम्ही उलट क्रमाने जातो. सगळ्यात शेवटी जे घडलं ते सगळ्यात आधी काढायचं. प्रत्येक थराला आणि खड्ड्याला वेगळा नंबर, फोटो, रेखाटन, उंचीचं माप. हे न करता काढलेली वस्तू कितीही देखणी असो, मला ती अर्धी मेलेलीच वाटते.

रानवारा
पण वर बाजाराचा पाया होता ना? त्याने सगळं चिरडलं नसेल?

खापरखुणा
काही ठिकाणी नक्कीच. काँक्रीटचे खांब थर विचारून खाली जात नाहीत. पण बाजार बांधण्याआधीच एक गोष्ट चांगली घडली होती. १९२७ ते १९३० मध्ये तिथे दुकानाची इमारत उभी राहत असताना लेस्ली आर्मस्ट्राँग या पुरातत्त्व अभ्यासकांनी मजुरांच्या जोडीने नोंदी केल्या. दरवाज्याच्या बुरुजाचा तळ तेव्हाच सापडला आणि पुढे बाजाराखाली जपून ठेवला गेला. बाजार २०१३ मध्ये बंद झाला, २०१५ मध्ये पाडला, आणि २०१८ मध्ये वेसेक्स आर्किऑलॉजी या उत्खनन संस्थेने पद्धतशीर ट्रेंच घेतले.

खरी मजा खंदकात असते. तटाजवळ झाडूनपुसून साफ झालेलं असतं. खंदकात लोकांनी कचरा टाकलेला असतो. तळाशी ओल आणि हवा नाही, त्यामुळे एरवी कुजणाऱ्या वस्तू टिकतात: लाकूड, चामडं, बिया, परागकण, किड्यांचे पंखसुद्धा. शेफील्डच्या खंदकात अलीकडच्या खोदकामात चक्क टोकदार लाकडी मेढी मिळाल्या. वेढ्याच्या काळात शत्रूला अडवायला रोवलेल्या. २०२४ मध्ये ती बातमी आली तेव्हा आमच्या तंबूत खापरं धुणं थांबलं होतं! लाकूड चांगलं असेल तर वृक्षवलयं मोजून झाड कधी तोडलं तेही काढता येतं.

आणि एक. किल्ल्याच्या वरचे थर म्हणजे अडगळ नव्हे. किल्ला गेल्यावर त्या जागेवर हिरवळीवरचा चेंडूचा खेळ चालला, कत्तलखाने आले, मग पोलादाच्या भट्ट्या. मुशीत पोलाद वितळवायची पद्धत बेंजामिन हंट्समनने शेफील्डकडेच अठराव्या शतकात बसवली, आणि २०१८ च्या ट्रेंचमध्ये पोलाद कारखान्याचे अवशेषही उघडे पडले. फक्त मेरीसाठी ते फावड्याने उडवणं मला तरी पटलं नसतं. लोकांना राणी हवी असते, ठीक आहे. पण या गावाची ओळख जगात सुऱ्या-कात्र्यांमुळे झाली.

डोंगरवाट
मेरीचा विषय निघालाच आहे तर: तिचा शिरच्छेद १५८७ मध्ये इंग्लंडमधल्याच फोदरिंगे किल्ल्यात झाला. तोही किल्ला नाहीसा झालाय. मातीची टेकडी आणि नदीकाठी दगडी बांधकामाचा एक तुकडा उरलाय. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४५२ मध्ये तिथेच जन्मला. मी टेकडीवर चढून आलोय, वर मेंढ्या होत्या. शेफील्डचा किल्ला पुन्हा बांधणार आहेत का?

खापरखुणा
नाही, आणि बरंच आहे. किल्ल्याचं भरवशाचं जुनं चित्र नाही. १६३७ ची एक मोजणी आहे, तिच्यात चार एकरांहून थोडी जास्त जागा येते, पण मोजणीवरून बुरुजाची उंची कळत नाही. बांधायचा म्हटला तर तो आपल्या मनातला किल्ला होईल. त्यापेक्षा बुरुजाचा तळ उघडा ठेवायचा, शेजारी झाकून टाकलेली शीफ नदी मोकळी करायची आणि बाग करायची, हा बेत मला पटतो.

रानवारा
आभार! मुलगी विचारतेय, असल्या कामात हौशी लोकांना घेतात का?

खापरखुणा
घेतात. २०१८ मध्येही स्वयंसेवक होते. पोलादी टोकाचे बूट, पावसाचं जॅकेट आणि जुन्या पँटी घेऊन जा म्हणावं. ट्रॉवेल (माती खरवडायची छोटी थापी) पहिल्या दिवशी मिळेलच असं नाही. बहुधा हातात टूथब्रश आणि खापरांची बादली देतील. तिथे कंटाळली नाही तर पुढचं जमेल.