सुपरचार्जर असलेल्या गाडीत इंजिनाचा दिवा पुसला तरी पुन्हा लागतो : पी०१७१ चे मूळ कुठे शोधावे?

सांजवाट

नमस्कार. माझ्याकडे चार सिलिंडरची, रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर (बेल्टवर फिरून इंजिनात हवा दाबाने ढकलणारा पंप) असलेली पेट्रोल गाडी आहे. गेले तीन महिने तिच्या डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा माझी पाठ सोडत नाही. स्कॅनर लावला की दर वेळी एकच कोड येतो : पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. कोड पुसला की तीन-चार दिवस सगळे ठीक चालते आणि मग एखाद्या सिग्नलला उभे असताना दिवा पुन्हा लागतो.

आतापर्यंत पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, एअर फ्लो सेन्सर त्याच्यासाठीच्या क्लीनरने साफ केला आणि एअर फिल्टर नवीन टाकला. गॅरेजमध्ये धुराची चाचणीही दोनदा झाली, एकदा एअर फिल्टरच्या बाजूने धूर सोडून आणि एकदा इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम नळीतून. दोन्ही वेळा धूर कुठूनही बाहेर आला नाही. फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कापतो तो आकडा, आयडलिंगला लाँग टर्म (शिकून साठवलेला) +२० आणि शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) +२ च्या आसपास दिसतो, तर २५०० आरपीएमला दोन्ही मिळून +६ च्या पुढे जात नाहीत. पिकअपमध्ये काहीही फरक नाही, बूस्टही (सुपरचार्जरने वाढवलेला हवेचा दाब) पूर्वीइतकाच येतो. हा दिवा नुसता पुसत राहावे असे मला वाटत नाही, कारण इंजिन काहीतरी सांगते आहे आणि ते मला कळत नाही, याचा खरा त्रास होतो. पुढची दिशा कोणी सांगू शकेल का?

लोहचुंबक

सर्वप्रथम एक विनंती : आता कोड पुसू नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, म्हणजे दोष नोंदवला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होते, पाणी किती तापले होते, गाडी उभी होती की चालत होती, याची संगणकाने करून ठेवलेली टिपणी. तपासाचा निम्मा भाग त्या टिपणीत असतो आणि आपण तो तीन महिने दर आठवड्याला फेकून देत आहात. शिवाय बहुतेक गाड्यांत कोड पुसला की लाँग टर्म ट्रिमही शून्यावर येतो आणि संगणकाला सगळे नव्याने शिकावे लागते.

तीन-चार दिवसांचा खंड पडतो तो याच कारणाने. अशा प्रकारचा दोष एकदा आढळला तर संगणक त्याची प्रलंबित म्हणून नोंद करतो आणि पुढच्या फेरीतही (गाडी सुरू करून चालवून बंद करेपर्यंत एक फेरी) तो आढळला तरच दिवा लावतो. मध्ये ट्रिम पुन्हा वर चढायलाही वेळ लागतो. त्यामुळे त्या दिवसांत गाडी बरी झालेली असते, असे समजू नये. दिवा स्थिर न राहता उघडझाप करू लागला तर मात्र गाडी थांबवावी, कारण मिसफायरमुळे, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटल्यामुळे, न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होण्याचा धोका असतो.

फ्रीझ फ्रेम शिल्लक असल्यास इथे द्यावी.

सांजवाट

धन्यवाद. परवाच दिवा लागला आहे आणि अजून काही पुसलेले नाही. टिपणी अशी : ७८० आरपीएम, वेग शून्य, पाण्याचे तापमान ९१ अंश, शॉर्ट टर्म +९, लाँग टर्म +२०.

पाना१४

आपण दिलेले आकडे मला फार बोलके वाटतात. सोयीसाठी असे धरू की आयडलिंगला इंजिन सेकंदाला ३ ग्रॅम हवा घेते आणि कुठल्याशा फटीतून ०.६ ग्रॅम हवा सेन्सरला चुकवून आत येते. ही चोरटी हवा २० टक्के झाली. २५०० आरपीएमला इंजिन १५ ग्रॅम घेऊ लागले की तेवढीच चोरटी हवा जेमतेम ४ टक्के भरते. आपला +२२ वरून +६ वर येणारा ट्रिम याच हिशोबात बसतो. पेट्रोल पंप थकला असता किंवा फिल्टर तुंबला असता तर उलट दिसले असते, कारण पेट्रोलची मागणी वाढेल तसा ट्रिम चढत गेला असता. ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरेच सांगत होता, त्याला बदलून उपयोग होणार नव्हता.

आता सुपरचार्जरचा भाग, जो साध्या गाडीच्या अनुभवावरून लक्षात येत नाही. आपल्या प्रकारच्या इंजिनात थ्रॉटल (हवेची वाट कमी-जास्त करणारी झडप) सुपरचार्जरच्या आधी असतो आणि आयडलिंगला सुपरचार्जरला वळसा देणारा बायपास व्हॉल्व्ह उघडा राहतो, त्यामुळे थ्रॉटलपासून मॅनिफोल्डपर्यंत सगळीकडे व्हॅक्यूम असतो. पाय दाबला की बायपास बंद होतो आणि सुपरचार्जरच्या पुढचा सगळा भाग वातावरणापेक्षा जास्त दाबाखाली येतो. मॅनिफोल्डला, गॅस्केटला किंवा दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या जोडाला फट असेल, तर तीच फट आयडलिंगला हवा आत ओढेल आणि बूस्टमध्ये मोजून घेतलेली हवा बाहेर फेकेल. मग शिट्टीसारखा आवाज येतो, बूस्ट कमी पडतो, मिश्रण दाट होते. आपल्याकडे यातले काहीच नाही.

म्हणजे बूस्टचा दाब जिथे पोहोचतच नाही अशा जागी ही फट असली पाहिजे. अशा दोनच जागा माझ्या डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे थ्रॉटल आणि सुपरचार्जर यांच्यामधला भाग. पण मॅनिफोल्डमधून सोडलेला धूर उलटा सुपरचार्जरमधून आणि बायपासमधून थोडाफार तरी तिथवर पोहोचायला हवा होता. दुसरी जागा पीसीव्हीची होज, म्हणजे क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या खालच्या, क्रँकशाफ्ट असलेल्या पोकळीतल्या) वाफा पुन्हा इंजिनात ओढून घेणारी नळी. पीसीव्ही व्हॉल्व्हपासून ही होज मॅनिफोल्डकडे येते आणि सुपरचार्जर असलेल्या अनेक इंजिनांत तिच्या मॅनिफोल्डकडच्या टोकाला एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, जेणेकरून बूस्टचा दाब क्रँककेसमध्ये शिरू नये. फट या एकमार्गी व्हॉल्व्ह आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह यांच्यामध्ये असेल तर आयडलिंगला ती बिनदिक्कत हवा ओढते आणि बूस्टमध्ये व्हॉल्व्ह मिटल्यामुळे गप्प बसते. मॅनिफोल्डमधून सोडलेला धूरही तोच व्हॉल्व्ह अडवतो. एअर फिल्टरकडून सोडलेला धूर ब्रीदरच्या नळीतून क्रँककेसपर्यंत गेला तरी इंजिन बंद असताना पीसीव्ही व्हॉल्व्ह स्प्रिंगने मिटलेला असतो. दोन्ही दारे बंद आणि होज मधल्या मध्ये. आपल्या गॅरेजने चाचणी नीटच केली असेल, पण ही होज दोन्ही चाचण्यांतून निसटली असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

तपासायला धूर लागणार नाही. इंजिन पूर्ण गरम करा, स्कॅनरवर शॉर्ट टर्म ट्रिम लावून ठेवा आणि पकडीच्या जबड्यांना कापड गुंडाळून होज आधी पीसीव्ही व्हॉल्व्हजवळ, मग एकमार्गी व्हॉल्व्हजवळ, दहा-दहा सेकंद दाबून धरा. पहिल्या जागी आकडा जवळपास हलला नाही आणि दुसऱ्या जागी धाडकन खाली आला, तर फट या दोहोंच्या मध्ये आहे. तो खोल उणे गेला तरी घाबरू नका, लाँग टर्मने वाढवून ठेवलेले पेट्रोल शॉर्ट टर्म तेवढ्यापुरते कापत असतो. हात आणि बाह्या बेल्टपासून लांब ठेवा.

दूरवरचा

पाना१४ यांचा तर्क मला पटतो, तरी एक पर्याय बाजूला सारल्याशिवाय पुढे जाऊ नये. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटला बारीक फट असेल आणि ती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल, तर आयडलिंगला एक्झॉस्टच्या ठोक्यांमधल्या उणे दाबाने बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण ठीक असूनही सेन्सरला ते लीन दिसते. भार वाढला की हाही परिणाम कमी होतो, म्हणजे आकडे हुबेहूब आपल्यासारखेच येतात आणि बूस्टलाही धक्का लागत नाही. सकाळी थंड इंजिन सुरू करताना टिकटिक आवाज येतो का आणि जोडाजवळ काजळीचा माग आहे का, एवढे पाहावे.

दुसरे, कारण हाती लागेपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आयडलिंगला लीन मिश्रणाने फक्त दिवा लागतो, बूस्टमध्ये त्याच लीन मिश्रणाने नॉकिंग (मिश्रण अवेळी धक्क्याने पेटणे) होऊन पिस्टन जाऊ शकतो. आपल्या आकड्यांवरून तसे दिसत नाही हे खरे, पण ते २५०० आरपीएमच्या निवांत चालीचे आहेत, बूस्टमधले नाहीत. आणि फट शोधण्यासाठी गरम इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कृपया ऐकू नये.

सांजवाट

सर्वांचे मनापासून आभार. थंड इंजिनाला टिकटिक नाही आणि काजळीही दिसली नाही. काल संध्याकाळी पकडीची चाचणी केली. पीसीव्ही व्हॉल्व्हजवळ होज दाबली तेव्हा शॉर्ट टर्म +२ वरून शून्यावर आला. एकमार्गी व्हॉल्व्हजवळ दाबल्यावर तो उतरत उतरत −१८ वर जाऊन थांबला आणि आयडलिंगमधली ती बारीक थरथर, जिची मला सवय झाली होती, तीही नाहीशी झाली.

होज बाहेर काढायला सुपरचार्जरखालून हात घालावा लागला. वरून पाहिले तर ती अगदी धडधाकट दिसते. कोपऱ्याच्या वळणाला मात्र आतल्या बाजूने, जिथे ना नजर पोहोचते ना आरसा, रबर तेलाने फुगून मऊ पडले होते आणि बोटाच्या पेराएवढी चीर गेली होती. होज सरळ धरली की चीर मिटते, जागेवर असते तशी वाकवली की तोंड उघडते. तूर्तास क्लॅम्पसह नवीन होज बसवली आहे.

पाना१४

फार छान. बसवलेली होज तेल आणि पेट्रोलच्या वाफेला टिकणारी आहे ना, हे एकदा पाहून घ्या. कूलंटची होज मापात बसते म्हणून अनेकजण तिथे लावतात, पण तेलाच्या वाफेने ती काही महिन्यांत पुन्हा अशीच फुगते. तो एकमार्गी व्हॉल्व्हही काढून तोंडाने फुंकून पाहा, हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. तो उघडा अडकला असेल तर बूस्टचा दाब नव्या होजवर आणि पुढे पीसीव्ही व्हॉल्व्हवर येत राहील आणि त्याने साथ सोडली की क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सीलमधून तेल बाहेर काढायला सुरुवात करील.

लोहचुंबक

आणि आताही कोड पुसण्याची घाई करू नका. दोष ज्या परिस्थितीत नोंदवला गेला तशाच परिस्थितीत सलग तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की संगणक दिवा स्वतःहून विझवतो. कोडची नोंद मात्र साधारण ४० वेळा इंजिन गरम होईपर्यंत राहते, त्यामुळे ती दिसली तर बिचकू नका.

सांजवाट

होज तेलासाठीचीच आहे. एकमार्गी व्हॉल्व्ह फुंकून पाहिला, एका बाजूने हवा जाते आणि दुसऱ्या बाजूने अजिबात जात नाही. आज पाचवा दिवस. सकाळी सिग्नलला उभा असताना दिवा विझलेला दिसला, लाँग टर्म +३ आहे आणि प्रलंबित कोड एकही नाही.