पेटाचे विडंबन गेम: प्राण्यांच्या कामाचे की नुसत्या बातमीच्या?

बर्डीचा गेमर
काल आपल्या इथल्या पालकांच्या ग्रुपवर एका ताईंनी लिहिलं की पोकेमॉन खेळून पोरं प्राण्यांना कोंडायला अन् त्यांच्यात झुंजी लावायला शिकतात, त्यापेक्षा पेटा या प्राणीहक्क संघटनेनं २०१२ मधे काढलेला 'पोकेमॉन ब्लॅक अँड ब्लू' पोरांना द्या म्हणजे करुणा शिकतील. मी दोन ओळी लिहिल्या तर उत्तर आलं, 'ज्यांना सावजी सुटत नाही त्यांनी बोलूच नये'. तेव्हापासून डोकं फिरलं आहे म्हणून इथं पूर्ण लिहून राहिलो.

ताई, तुम्ही तो गेम स्वतः उघडून पाहिला का? त्यात पिकाचू आणि बाकीचे पोकेमॉन प्राणी जखमी, पट्ट्या बांधलेले, मालकांशी लढून राहिले, ठीक. पण मधेमधे बक्षीस म्हणून जे उघडतं त्यात प्राण्यांच्या छळाचे खरे व्हिडिओ आहेत. आठ वर्षाच्या पोराच्या हातात हे देता?

आणि मला जास्त राग याचा की ज्या गेमची नक्कल केली त्यातच हा प्रश्न आधीपासून होता. पोकेमॉन ब्लॅक-व्हाइट, जपानमधे २०१० ला आला. त्यात टीम प्लाझ्मा गावोगाव भाषण देत फिरते की पोकेमॉनला मोकळं करा, आणि एन नावाचा पोरगा आहे ज्याला त्यांचं बोलणं समजतं. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, रात्री दोन वाजता लॅपटॉप बंद करून छताकडं पाहत पडलो होतो की हा एन खोटं काय बोलून राहिला? तो प्रश्न अजून डोक्यातून गेला नाही. पेटाचा गेम वीस मिनिटांत संपला, एकही प्रश्न उरला नाही, कारण त्यांनी विचारलाच नव्हता, उत्तर आधीच छापून दिलं होतं.

पेटाचाच २०१० चा 'सुपर टोफू बॉय' पण तसाच, टोफू म्हणजे सोयाचं पनीर, आणि नक्कल 'सुपर मीट बॉय' गेमची. सुपर मीट बॉय हा कोणाचं मटण नाही, कातडी नसलेला पोरगा आहे, हे गेम दहा मिनिटं खेळला तरी समजते. ज्यांनी तो बनवला त्या दोघांनी काय केलं, टोफू बॉयलाच आपल्या गेममधे घेतलं आणि इतका लुळा ठेवला की त्याला धड उडी मारता येत नाही. फायदा कोणाचा झाला, कोंबडीचा का मीट बॉयचा?

चार मांजरांची आई
दादा, तुमचा राग समजला, पण 'फायदा कोणाचा झाला' याचं उत्तर मी देते, माझा झाला.

२०११ मधे मी दहावीत. मारिओ गेममधे त्याचा केसाळ पोशाख, टॅनुकी सूट, असतो ना, त्यावर पेटानं गेम काढला होता, कातडी सोललेला टॅनुकी आपली कातडी परत घ्यायला मारिओच्या मागं पळतो. सगळे हसले, मी पण हसले. मग सहज शोधलं की टॅनुकी म्हणजे काय, तर खरा प्राणी निघाला, कोल्ह्यासारखा, आणि फरसाठी त्याला पिंजऱ्यात पाळतात. त्याच हिवाळ्यात मावसभावानं दिल्लीहून जॅकेट आणलं होतं, टोपीला खरीखुरी फर. मी ती झालर उसवून काढली, आईचा मार खाल्ला. त्यानंतर मी प्राणी वाचवायचं काम सोडलं नाही, आज इतकी वर्षं झाली, रात्री फोन आला तरी गाडी काढते. त्या फालतू गेमनंच मला इथं आणलं, मग त्याला बेकार कसं म्हणू?

आणि राग करायचाच तर कायद्याचा करा. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, साठ वर्षांवर झाली, आकडा तोच. मी एका कुत्रीवर ॲसिड टाकणाऱ्याच्या मागं ठाण्यात सहा चकरा मारल्या आहेत. तिथं करुणेचे धडे कोणी ऐकत नाही, मग माणूस गेम काढेल, नाटक करेल, काहीही करेल.

इतवारीचा तर्रीवाला
तुम्ही सगळे विडंबन म्हणजे काही नवीन आलं असं काहून बोलून राहिले? आपल्या नागपुरात सव्वाशे वर्षांहून जास्त झालं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे इडापिडेचे पुतळे, निघते अन् सोबत बडगे, लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे टिंगलीचे पुतळे. महागाईचा बडग्या, पेपरफुटीचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या. 'घेऊन जा गे मारबत' म्हणत अख्खं महाल-इतवारी रस्त्यावर. पेटानं गेममधे बडग्याच काढला, बाकी काही नाही. बडग्या पाहून कोणी म्हणते का की याचं नाक बरोबर नाही बनवलं, यानं मूळ माणसाचा अभ्यास नाही केला?

बर्डीचा गेमर
भाऊ, बडग्या ज्याचा काढतो तो बलवान असतो, नेता असतो, भ्रष्टाचार असतो. इथं बडग्या कोणाचा? दहा वर्षाच्या पोराचा, जो पिकाचूवर जीव लावते. मारायचं होतं कत्तलखान्याला, मारलं त्या पोराला. आणि बडग्या पाहणाऱ्याला माहीत असते की त्रास आपल्याला होऊन राहिला. पेटाचा गेम खेळणाऱ्याला सांगते की त्रास तूच देऊन राहिला.

ताई, तुमच्या जॅकेटचं मानलं. पण तुम्ही एक. मी शंभर पोट्टे पाहिले जे त्या गेमनंतर पेटा नाव निघालं की मुद्दाम चिकनचा फोटो टाकतात.

गेम डिझाईनचा मास्तर
मी हेच शिकवतो म्हणून बोलतो. विडंबन गेम म्हटलं की सगळे पेटावरच अडकतात. इटलीच्या मोलेइंडस्ट्रिया या गेम बनवणाऱ्यांचा २००६ चा 'मॅकडोनाल्ड्स व्हिडिओगेम' कोणी खेळलं का? त्यात कुरण, गोठा, दुकान अन् हेड ऑफिस, चारही तुमच्या हातात. सुरुवातीला सगळे चांगलेच वागतात. मग तोटा व्हायला लागतो. मग माणूस हळूच जंगल तोडतो, गाईच्या खाद्यात नको ते मिसळतो, आजारी गाय दिसली तरी पुढं ढकलतो, अधिकाऱ्याला पैसे चारतो. कोणी भाषण देत नाही, तुमचा हातच ते करतो. दरवर्षी वर्गात खेळवतो, ज्यावर तो चालायचा ते फ्लॅश सॉफ्टवेअर बंद झाल्यापासून आधी डाउनलोड करून ठेवावा लागते. गेल्या बॅचची एक पोरगी मधेच उठून गेली, म्हणाली सर, मी आजारी गाय आपल्या हातानं पुढं पाठवली अन् मला काहीच वाटलं नाही. घरी पेंडीचा धंदा आहे तिच्या.

स्वयंपाकाच्या 'कुकिंग मामा' गेमवर पेटानं २००८ मधे काढलेलं विडंबन बघा. तिथंही हात तुमचाच, टर्कीची पिसं उपटायची, आतडी काढायची. माझ्या मते त्यांचा तो एकच गेम जमला, कारण तिथं उपदेशाच्या आधी काम येते. पोकेमॉनमधे उपदेशच आधी.

काटोल रोडचा शेतकरी
गेम-बिम तुमचा तुमच्याजवळ ठेवा. पेटाचं नाव काढलं म्हणून बोलतो. ७ मे २०१४ ले सुप्रीम कोर्टात तमिळनाडूचं जल्लिकट्टू बंद झालं त्यात हेच लोक होते, अन् त्याच निकालात आमचा शंकरपट, बैलजोडीची शर्यत, तोही गेला. माह्या बापाची जोडी पटाची होती. त्या बैलाले घरात जे भेटत नव्हतं ते खुराकात भेटे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकून, लोणी-हळद लावून बाप बैलाच्या कानात सांगे 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या'. त्याले तुम्ही मुंबई-दिल्लीहून करुणा शिकवता? २०२१ च्या डिसेंबरात पट पुन्हा सुरू झाला तवा बाप नव्हता. सात वर्षं कोणी विचारलं नाही की या बैलाचं काय केलं. गोऱ्हा इकाले गेलो तर कोणी घेईना, खाटकाले देणं गुन्हा, घरी ठेवणं परवडत नाही, लोकं रात्री नेऊन रस्त्यावर सोडत.

चार मांजरांची आई
काका, बैल खाटकाला विकता येत नाही तो २०१५ चा राज्याचा कायदा आहे, पेटानं केला नाही, दोन गोष्टी एकात घालू नका. आणि पटात तुतारी, ती टोकदार काठी, टोचतात की नाही, शेपटी पिरगाळतात की नाही, तेवढं छातीवर हात ठेवून सांगा.

काटोल रोडचा शेतकरी
काही धुरकरी, जोडी हाकणारे, टोचतात. आमच्या घरी नाही टोचली. तुम्ही काही लोकांसाठी सगळ्याईले फाशी देता.

मनीषनगरचा बाप
प्राणीमित्रांचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या. माझी मुलगी सहा वर्षांची, मार्चमधे ट्यूशनहून येताना तीन कुत्र्यांनी पाडलं, मांडीचा लचका काढला. एका दवाखान्यात गेलो तर लस होती पण जखमेत द्यायचं सीरम नाही, दुसरीकडं पळालो, रात्री साडेअकराला इंजेक्शन. ती अजून कुत्रं भुंकलं की पांघरुणात शिरते. आणि आमच्या चौकात रोज संध्याकाळी एक बाई ॲक्टिव्हावर भात घेऊन येते, चाळीस कुत्री जमतात. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं ऑक्टोबर २०२२ मधे स्पष्ट सांगितलं होतं की खाऊ घालायचंय तर दत्तक घ्या, घरी न्या. पुढच्याच महिन्यात दिल्लीहून सुप्रीम कोर्टाची स्थगिती आणली तुम्ही लोकांनी. आता पिकाचूच्या जखमांवर रडून राहिले? माझ्या पोरीवर गेम कोण काढेल?

चार मांजरांची आई
पोरीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण 'तुम्ही लोक' म्हणू नका. मी भात टाकून पळणारी नाही. ज्या गल्लीत खाऊ घालते तिथली कुत्री जाळ्यात पकडून नसबंदीला नेते, कान कापलेला दिसला की समजते झाली म्हणून. खाऊ घातलं नाही तर ती हाताला लागत नाहीत, लागली नाहीत तर नसबंदी होत नाही, आणि दर सहा महिन्यांनी नवीन पिल्लं. ऑगस्ट २०२५ मधे सुप्रीम कोर्टानं आधी दिल्लीतली सगळी उचला म्हटलं, अकरा दिवसांत स्वतःच बदललं, नसबंदी-लस करून तिथंच सोडा, पिसाळलेली अन् अंगावर येणारी सोडू नका. आम्ही वर्षानुवर्षं हेच सांगून राहिलो.

मनीषनगरचा बाप
कोर्टानं त्याच आदेशात हेही म्हटलं की कुठंही खाऊ घालायचं नाही, ठरवलेल्या जागीच. ते अर्धं वाक्य तुमच्या तोंडातून कधी येत नाही. आणि कान कापलेलं कुत्रं चावत नाही का? माझ्या पोरीला चावलं त्याचा कान कापलेलाच होता.

इतवारीचा तर्रीवाला
अबे गेमचा धागा होता.

मनीषनगरचा बाप
तुमच्या घरी लचका निघाला असता तर गेम आठवला नसता भाऊ. भैताडासारखं मधे बोलू नका.

इतवारीचा तर्रीवाला
भैताड कोणाला म्हणता? माझ्या आईला २०१९ मधे चावलं आहे, मला शिकवू नका.

बर्डीचा गेमर
दोघंही थांबा. पोरीसाठी वाईट वाटतं आणि काकूंसाठीही. पण हा जो धागा झाला ना, माझा मुद्दा यातच आहे. इथं काकांचा बैल आहे, दादाची पोरगी आहे, ताईची ॲसिडवाली कुत्री आहे. यातल्या कोणत्याही एका गोष्टीचा गेम झाला, तुम्ही चौकातल्या कुत्र्यांची जबाबदारी घ्या, भात पण तुमच्याकडं, जाळी पण तुमच्याकडं, आणि पोरांना ट्यूशनहून घरी पण तुम्हीच पोचवायचं, तर मी रात्रभर खेळेन. पेटाला हे सुचत नाही कारण त्यांना बातमी पाहिजे, आणि बातमी मारिओच्याच नावानं होते.

टॅनुकीचं मात्र मी आज शोधलं. मला तो नुसता जपानी गोष्टीतला पानानं रूप बदलणारा प्राणी वाटायचा. पिंजऱ्याचे फोटो पाहिले. तर ताई, त्या एका गेमपुरतं तुमचं बरोबर. पोकेमॉनचं नाही, ते मी मरेपर्यंत मानणार नाही.

चार मांजरांची आई
एका गेमपुरतं तर एका गेमपुरतं.

मनीषनगरवाले दादा, कान कापलेलं असून अंगावर येत असेल तर ते परत तिथं राहायला नको, हे मी पण म्हणते. चौक कोणता ते मेसेज करा. रविवारी सकाळी सहाला जाळी घेऊन येते, त्या भातवाल्या बाईशी मी बोलते, तुम्ही बोलू नका.

मनीषनगरचा बाप
केला मेसेज. तिघांपैकी एक काळं आहे, उजव्या डोळ्यावर पांढरा डाग. मी गच्चीवरून दाखवतो, पोरीला खाली आणणार नाही.

काटोल रोडचा शेतकरी
जाळी पकडाले माणूस लागला तर सांगा. रविवारी भाजी घेऊन कॉटन मार्केटले येतोच.