मदत हवी आहे: रविवारभर पडून राहिलेला सोडियम-आयन सेल सोमवारी कमी क्षमता का देतो?

नमस्कार. मी सोलापूरची. एमएस्सी रसायनशास्त्राचं शेवटचं सत्र चालू आहे. ज्वारीच्या कडब्यापासून हार्ड कार्बन (ग्राफाइटसारखे नीट थर नसलेला, विस्कळीत रचनेचा कार्बन) करायचा आणि तो सोडियम-आयन बॅटरीच्या ऋण इलेक्ट्रोडसाठी वापरून बघायचा, असा प्रकल्प आहे. लिथियमच्या बॅटरीतलं ग्राफाइट इथे चालत नाही, कारण नेहमीच्या कार्बोनेट द्रावकांत सोडियम त्याच्या थरांत नीट शिरत नाही. कडबा घरचाच आहे, शेत मंगळवेढ्याकडे.

कडबा बारीक करून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुतला, मग नायट्रोजनखाली ११०० अंशांवर दोन तास भाजला. आमची भट्टी याच्या वर जात नाही. ग्लोव्ह बॉक्सही (हवा आणि ओल नसलेली बंद पेटी) नाही, त्यामुळे सेल पुण्यात ओळखीच्या प्रयोगशाळेत बांधते आणि संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने घेऊन येते. २०३२ मापाचे कॉइन सेल (नाण्यासारखे चपटे), समोर सोडियम धातू, मध्ये काचतंतूंचा विभाजक. इलेक्ट्रोलाइट म्हणजे १ मोलर सोडियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट, इथिलीन कार्बोनेट आणि डायइथाइल कार्बोनेटच्या निम्म्यानिम्म्या मिश्रणात. अॅडिटिव्ह काही नाही.

पहिल्या फेरीत सोडियम आत गेलं ३३१ मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम, बाहेर आलं २२२. म्हणजे ६७ टक्के. हे मी समजू शकते: इतक्या कमी व्होल्टेजला द्रावक टिकत नाही, तो कार्बनच्या पृष्ठभागावर विघटित होतो आणि त्याचा थर बसतो (एसईआय). त्यात सोडियम खर्च होतं. पाचव्या फेरीपर्यंत सगळं स्थिरावलं, आत २२६ आणि बाहेर २२१.

अडचण पुढे आहे. शनिवारी दुपारी चार वाजता कार्बन सोडियमने भरलेला असताना प्रवाह थांबवला. सोमवारी सकाळी आठला, म्हणजे ४० तासांनी, बाहेर काढायला घेतलं तर फक्त १९८ आले. दुसऱ्या सेलमध्ये २०१, तिसऱ्यात १९४. वायरी बदलल्या, चाचणी यंत्राचं चॅनेल बदललं, फरक नाही.

माझा संशय असा. सोडियमचा एसईआय लिथियमच्या मानाने इलेक्ट्रोलाइटमध्ये जास्त विरघळतो, असं वाचलं आहे. सारवलेल्या भिंतीवर पावसाचा ओघळ लागावा तसा थर झिजत जातो, उघडा पडलेला कार्बन पुन्हा द्रावकाला भिडतो, नवीन थर बसतो, आणि त्याची किंमत आत साठलेल्या सोडियमला मोजावी लागते. पण समोरचा सोडियम धातूही या द्रावकांशी सतत प्रक्रिया करत असतो. दोष त्याचा असेल आणि मी कडब्याला बोल लावत बसले तर? शिवाय मे महिना आहे. चाचणीच्या खोलीत एसी नाही, दुपारी पारा ३९ दाखवतो, आणि सुट्टीला तर खिडक्याही बंद असतात.

यातलं नेमकं कारण वेगळं कसं काढू? अहवालात "कदाचित" लिहायचं नाहीये मला.

प्रतिसाद १

आकडे दिलेत हे फार बरं केलंत. पण एक राहिला, आणि मेख तिथेच आहे. सोमवारी १९८ बाहेर आले. त्यानंतर लगेच आत किती गेले?

समोर सोडियम धातू म्हणजे न आटणारी विहीर. थर विरघळून परत बसला असेल, तर नुकसान फक्त त्या एका वेळच्या बाहेर येण्यात दिसेल. पुढच्या वेळी कार्बन विहिरीतून भरून घेईल आणि आकडा २२५ च्या आसपास परतेल. पण सोडियमवर पापुद्रा चढला असेल, तर आत जातानाच अडेल. हार्ड कार्बनची निम्मी क्षमता ०.१ व्होल्टच्या खालच्या सपाट भागात असते. तिथे धातूच्या बाजूने ५० मिलिव्होल्ट जरी जादा लागले, तरी सेल व्होल्टेजची खालची मर्यादा आधीच गाठतो आणि कार्बन अर्धवट भरतो.

धागाकर्ती

आत्ता फायली उघडून बघितल्या. पहिल्यात २२५, दुसऱ्यात २२३. तिसऱ्यात मात्र २०३, आणि सपाट भाग खरंच आखूड झालाय! मी तिन्ही एकत्र धरत होते.

प्रतिसाद १

मग पहिल्या दोन सेलमध्ये कारण थर विरघळण्याचं, आणि तिसऱ्यात त्याला सोडियम धातूवरच्या पापुद्र्याची भर. तिसरा सेल पाचपट कमी प्रवाहावर चालवा. आकडा वर आला तर पापुद्रा पक्का. सोडियमचा तुकडा लावण्यापूर्वी वरची काळपट साल चाकूने नीट काढली होती का, तेही आठवा.

उष्णतेचं कोडं सोपं आहे. सूक्ष्मजीवशास्त्र विभागात बीओडी इन्क्युबेटर (ठरावीक तापमान राखणारं कपाट) असतो, तो मागून घ्या. एक सेल २५ अंशांना, एक ४० ला, दोघांना तोच ४० तासांचा विसावा. गरम सेलचं नुकसान जास्त निघालं तर तुमच्या संशयाला बळ मिळेल.

उपाय म्हणाल तर फ्लुरोइथिलीन कार्बोनेट २ टक्के घालून बघा. त्याने थरात सोडियम फ्लोराइड वाढतं. आणि ११०० अंशांचा कार्बन फार सच्छिद्र राहतो. जितका पृष्ठभाग तितका थर. १३०० ची भट्टी कुठे मिळते का बघा. कडब्यात सिलिकाही असते, ती हायड्रोक्लोरिकने जात नाही. आधी ५०० अंशांना भाजून गरम सोडियम हायड्रॉक्साइडने धुवा, मग आम्ल, मग खूप पाणी. सेल बांधण्याआधी १२० अंशांना निर्वातात सुकवणं चुकवू नका, कारण ओल राहिली की हेक्साफ्लुरोफॉस्फेटपासून हायड्रोफ्लोरिक आम्ल होतं.

अहवालात हेही लिहा: अर्ध्या सेलमध्ये, म्हणजे तुमच्यासारख्या समोर सोडियम धातू असलेल्या सेलमध्ये, हे नुकसान विहीर भरून काढते. खऱ्या पूर्ण सेलमध्ये सोडियम धन इलेक्ट्रोडपुरतंच असतं, तिथे हे वीस-बावीस कायमचे गेले.

धागाकर्ती

सोडियमची साल तिसऱ्या सेलला काढली नव्हती. त्या दिवशी गाडीची वेळ झाली होती. इन्क्युबेटर उद्या विचारते. बुधवारी पुण्याला जाऊन सहा सेल बांधते, तीन फ्लुरोइथिलीन कार्बोनेट घालून, तीन त्याशिवाय. पुढच्या सोमवारचे आकडे इथेच टाकेन.