कम्युनिटी कॉलेजातून बायोमेडिकल पदवीकडे जाताना उन्हाळी संशोधन प्रशिक्षण घ्यावे का?

मिलपिटासकर यांचा प्रश्न

माझी भाची सॅन होजे परिसरातील एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या महाविद्यालयात, जीवशास्त्र शिकते. तिचे पहिले वर्ष संपत आले असून येत्या हिवाळ्याआधी अर्ज करून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या एखाद्या कॅम्पसवर बायोमेडिकल शाखेत तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर घेण्याचा तिचा मानस आहे. तिच्या प्राध्यापकांनी जवळच्या विद्यापीठातील प्रयोगशाळेत दहा आठवड्यांचे उन्हाळी संशोधन प्रशिक्षण सुचवले आहे आणि त्याला विद्यावेतनही आहे. मात्र त्याच उन्हाळ्यात तिला भौतिकशास्त्राचा एक कोर्स संपवायचा होता, शिवाय औषधांच्या दुकानातील तिच्या अर्धवेळ नोकरीचा घराला आधार आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की आधी प्रवेश पक्का करावा, संशोधन पुढे होतच राहील. तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे. अशा प्रशिक्षणाचा ट्रान्सफरला खरोखर उपयोग होतो का?

पेशीजीव यांचे उत्तर

मी एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि कम्युनिटी कॉलेजातून उन्हाळ्यात आलेल्या विद्यार्थ्यांना शिकवण्याची जबाबदारी बरीच वर्षे माझ्याकडे आहे. माझे मत स्पष्ट आहे: भाचीने ही संधी घ्यावी. परंतु या संधीचा खरा लाभ प्रवेशाच्या वेळी दिसतो त्यापेक्षा प्रवेशानंतर अधिक दिसतो.

जो विद्यार्थी थेट पहिल्या वर्षापासून विद्यापीठात असतो, तो दुसऱ्या वर्षी एखाद्या प्रयोगशाळेत शिरतो, चुकतमाकत हात बसवतो आणि चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला पीएचडीचे अर्ज भरतो, तेव्हा त्याला दोन वर्षे ओळखणारे प्राध्यापक शिफारस लिहायला असतात. ट्रान्सफर घेऊन आलेली मुलगी तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात पोहोचते. पुढच्या वर्षी त्याच सुमारास, शरदात, तिला तेच अर्ज भरायचे असतात. म्हणजे प्रयोगशाळा शोधणे, हात बसणे आणि दाखवण्याजोगे काही काम होणे हे सगळे तिला एका वर्षात उरकावे लागते, तेही नव्या कॅम्पसच्या अभ्यासाशी जुळवून घेताना. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बहुतेक कॅम्पसवर क्वार्टर पद्धत आहे. जेमतेम दहा आठवड्यांच्या शिकवणीत चौथ्या-पाचव्या आठवड्यातच पहिली परीक्षा येऊन ठेपते. ट्रान्सफरनंतरच्या पहिल्या सत्रात गुण घसरण्याचा अनुभव इतका सार्वत्रिक आहे, की शिक्षणसंशोधक 1960च्या दशकापासून त्याचा अभ्यास करत आले आहेत.

उन्हाळ्यात नेमके काय शिकायला मिळते, हेही सांगतो. पहिल्या आठवड्यात विद्यार्थी मायक्रोपिपेटने (अगदी थोडा द्रव अचूक मोजणारे उपकरण) जिवाणूंच्या नमुन्याचे क्रमाक्रमाने विरलन करतात, म्हणजे तो पातळ करत नेतात. दहापट, शंभरपट, हजारपट विरल केलेले नमुने ते बशीवर पसरतात आणि दुसऱ्या दिवशी वसाहती मोजतात. आकडे अपेक्षेप्रमाणे दसपटीने उतरले नाहीत, तर नोंदवहीत परत जाऊन कोणत्या नळीत चूक झाली हे शोधावे लागते. कॉलेजच्या प्रात्यक्षिकात उत्तर आधीच ठरलेले असते, इथे ते ठरलेले नसते. ज्या मुलीने ही शोधाशोध एकदा मनापासून केली आहे, तिला तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत घ्यायला प्राध्यापक सहज तयार होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

सॅक्रामेंटो_वाचक यांचे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे, मात्र भौतिकशास्त्राचा प्रश्न बाजूला सारू नये. जीवशास्त्राच्या शाखांसाठी बहुतेक कॅम्पसना सामान्य जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्र, कॅल्क्युलस आणि अनेकदा भौतिकशास्त्रही ट्रान्सफरपूर्वी पूर्ण झालेले हवे असते. कोणत्या कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या कॅम्पसला चालतो, हे असिस्ट या संकेतस्थळावर जुळवून पाहता येते. तिथे भौतिकशास्त्र आवश्यक दिसत असेल आणि पुढच्या वर्षाच्या दोन सत्रांत ते बसत नसेल, तर आधी तो कोर्स घ्यावा. अपुऱ्या कोर्सची भरपाई संशोधनाने होत नाही.

अर्जाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया सहसा शिफारसपत्रे मागत नाही. त्याऐवजी ट्रान्सफरच्या अर्जदाराला 350 शब्दांपर्यंतची चार उत्तरे लिहावी लागतात. त्यांपैकी एक प्रश्न सर्वांना सक्तीचा आहे: निवडलेल्या शाखेसाठी तुम्ही कोणती तयारी केली आहे? उन्हाळ्यातील कामाची जागा नेमकी इथे आहे. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसवर हमीच्या प्रवेशाची सोय आहे, पण तो अर्ज सप्टेंबरातच भरायचा असतो आणि काही शाखा त्यातून वगळलेल्या असतात. शाखेचे नाव त्या यादीत आहे का, हे आताच पाहून ठेवावे.

नदीकाठ यांचे उत्तर

या चर्चेत ज्यांची मुले एफ-1 (विद्यार्थी) किंवा एच-4 (नोकरीसाठी आलेल्याच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर आहेत अशा पालकांसाठी लिहितो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (एनआयएच) ब्रिजेस टू द बॅकलॉरिएटसारख्या योजनांतून दोन वर्षांच्या आणि चार वर्षांच्या महाविद्यालयांची जोडी लावून असे प्रशिक्षण दीर्घकाळ चालवले, परंतु या प्रशिक्षण-अनुदानांतून विद्यावेतन मिळण्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागते. मिलपिटासकरांच्या भाचीला ती अडचण नाही. तथापि 2025 मध्ये या संस्थेच्या अनेक प्रशिक्षण-अनुदानांवर गदा आली आहे, त्यामुळे या उन्हाळ्याचा निधी मंजूर झाला आहे का, हे प्राध्यापकांकडून लेखी घ्यावे आणि त्यानंतरच नोकरीतून रजा मागावी.

ज्यांना व्हिसाची अडचण आहे त्यांनी कोर्सच्या रूपात दिले जाणारे संशोधन शोधावे. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटच्या पाठबळावर 2008 पासून चालणाऱ्या सी-फेजेस या उपक्रमात विद्यार्थी स्वतः माती गोळा करतात, तिच्यातून जिवाणूंना मारणारा विषाणू वेगळा करतात, त्याला नाव देतात आणि नंतरच्या सत्रात त्याच्या जनुकांची ओळख पटवतात. काही कम्युनिटी कॉलेजांतही तो चालतो. तो नेहमीच्या फीमध्ये, श्रेयांकासह (क्रेडिट) होतो आणि विद्यावेतनाचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्यांना उन्हाळ्यातही नोकरी सोडणे परवडत नाही, त्यांनाही हा मार्ग सोयीचा आहे.

मिलपिटासकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. असिस्टवर पाहिले, तिने निवडलेल्या कॅम्पसपैकी दोन ठिकाणी भौतिकशास्त्र आवश्यक आहे, पण ते पुढच्या दोन सत्रांत बसते. शनिवार-रविवार दुकानात काम करून प्रयोगशाळा सांभाळणे जमेल का?

पेशीजीव

जमेल, पण मार्गदर्शकाला पहिल्याच भेटीत ते सांगावे. काही प्रयोगांत पेशींना रविवारीही खाद्य घालावे लागते, आणि ती पाळी कोणाकडे द्यायची हे आधीच ठरवता येते.